किल्लारी आणि हरवलेली झोप

पहाटेच्या झोपेला मराठीत साखरझोप म्हणतात. तांबडं फुटण्याआधीची ही झोप. उठायची वेळ जवळ आलेली असते आणि उठावंसं मात्र वाटत नाही. म्हणून ती गोड. आमच्या मराठवाड्याच्या एका पिढीच्या तोंडातून हा शब्द गेला. त्याचं कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा घरी परतली होती. नाचून, गाऊन, दमून माणसं आडवी झाली, आणि तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान नोंदली गेली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तळणी, मंगरूळ, लिंबाळा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावं तोवर तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. ती सकाळी जगभर गेली. बावन्न गावं पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, इतर नोंदींत तो पावणेदहा हजारांपर्यंत जातो.

या भूकंपाचा इतिहास बहुतेकदा घरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. किती पडली, किती बांधली, कुणी बांधली. तो सांगायलाच हवा. पण त्याच्या पोटात आणखी एक इतिहास आहे, तो झोपेचा. माणसं झोपेत मेली. जी वाचली त्यांची झोप गेली. आणि झोप गेली की आठवणींचं काय होतं, हे कोडं जगभरातले शास्त्रज्ञ नेमक्या त्याच वर्षांत सोडवू लागले होते. या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच या बोलण्याचा हेतू आहे.

आधी घराकडे पाहू. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. मातीत बसवलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी या थरावर नवी माती पडायची, म्हणजे छत वर्षागणिक जड होत जायचं. असं घर का बांधलं? तर मराठवाड्याचा उन्हाळा सोसवत नाही म्हणून. बाहेर अंग भाजत असताना आत गारवा असायचा. दुपारी भिंतीला टेकून डोळा लागायचा, रात्री माळवदावर अंथरूण पडायचं. म्हणजे हे घर शांत झोपेसाठीच बांधलेलं होतं. त्या पहाटे तेच घर झोपलेल्या माणसांवर आलं.

आणि सूचना अजिबात मिळाली नव्हती असंही नाही. १९९२ साली, भूकंपाच्या वर्षभर आधी, किल्लारी परिसराला लहान धक्क्यांनी अनेक आठवडे हैराण केलं होतं. जमिनीतून आवाज यायचे. तेव्हाही लोक घाबरून घराबाहेर झोपले होते. मग धक्के थांबले. थंडी आली, शेतीची कामं आली, माणसं घरात परतली. भीती धरून जन्मभर अंगणात झोपता येत नाही. याला कुणी निष्काळजीपणा म्हणू नये. भीती विसरणं ही जगण्याची गरज आहे. पुढे काय झालं ते आपण जाणतो. पण वाचलेल्या माणसांच्या मनात त्यातून एक हिशेब पक्का झाला : बाहेर झोपलो तेव्हा जगलो, आत झोपलो तेव्हा मेलो. हा हिशेब पुढे कुठल्याही इंजिनिअरच्या सांगण्याने पुसला गेला नाही.

मी तेव्हा नांदेडात होतो. आमच्याकडेही भांडी खणखणली, माणसं रस्त्यावर आली, आणि उजाडेपर्यंत परत आत गेली नाहीत. आमचं काहीच पडलं नव्हतं. तरी पुढचे आठ-दहा दिवस मोहल्ल्यातले लोक ओट्यावर, अंगणात झोपत होते. झोपत होते म्हणायचं, खरं तर पडून राहत होते. इतक्या दूर ही गत, तर किल्लारी-सास्तूरकडे काय असेल?

तिकडे पाऊस आला. ढिगारे उपसायचं काम चालू असताना चिखल झाला. घरांच्या पडलेल्या लाकडांवरच चिता रचल्या गेल्या. जी माणसं उरली ती उघड्यावर, ताडपत्रीखाली, नंतर पत्र्याच्या शेडमध्ये. आणि जमीन स्वस्थ झाली नव्हती. छोटे धक्के कितीतरी महिने येत राहिले. म्हणजे जागं राहण्याला कारण होतं. त्या माणसांना कुणी 'उगाच घाबरता' म्हटलं असेल तर ते चुकीचं होतं. भीती खरी होती, फक्त ती रात्रपाळीला आली होती आणि तिची पाळी संपत नव्हती.

दगडाचीही दहशत बसली. मदतीच्या आणि पुनर्वसनाच्या अहवालांतून हे वारंवार आलेलं आहे की लोक दगडी भिंतीच्या घरात जायला तयार नव्हते. ज्यांची घरं उभी होती त्यांनीही त्यापुढे पत्र्याचा आडोसा केला आणि रात्र त्यात काढली. दिवसा माणूस घरात वावरायचा, स्वयंपाक करायचा, धान्य ठेवायचा. रात्र झाली की बाहेर. एकाच घराचे असे दोन भाग झाले : दिवसाचं घर आणि रात्रीचं घर.

सरकारने काम केलं नाही असं म्हणता येणार नाही. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ पासून मोठा पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांत सुमारे २८ हजार कुटुंबं होती. त्यापलीकडे दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं आणि घर कसं बांधायचं हे त्या शेजारणींना समजावू लागल्या. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. हे सगळं आपल्या राज्याच्या इतिहासातलं मानाचं पान आहे.

पण मनाच्या बाबतीत तेव्हा आपली तयारी किती होती? राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीच कागदावर आला होता, पण जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम सुरू व्हायला १९९६ उजाडलं. आघातानंतर माणसाच्या मनात जो आजार घर करतो, त्याला इंग्रजीत पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत मिळालं तेच १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ते नाव १९९३ मध्ये पोहोचलेलं असण्याची शक्यताच नव्हती.

अशा वेळी पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्त गावांत काम केलं, त्याची आठवण ठेवायला हवी. आपण ज्यांना 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, ते डॉ. मोहन आगाशे मुळात मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या पुढाकाराने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला. भूकंपाने मनाचंही नुकसान होतं आणि ते तपासावं लागतं, ही गोष्ट आपल्याकडे सरकारदरबारी मांडली गेली ती अशा कामांतून. पुढे गुजरातचा २००१ चा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या वेळी मनाच्या आरोग्याची चर्चा लवकर सुरू झाली, त्यामागे किल्लारीचाही धडा होता.

आता शास्त्राकडे वळू. प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षीच्या एखाद्या मंगळवारी रात्री आपण काय जेवलो ते आठवत नाही, मग ३० सप्टेंबर १९९३ ची रात्र तीस वर्षांनंतरही जशीच्या तशी कशी आठवते? कुणाला विचारा, तो अंगावर कुठलं पांघरूण होतं, कंदील कुठे टांगला होता, कुणाची हाक आधी आली, हे सगळं सांगतो.

मेंदूत कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच बदाम. भीतीची, धोक्याची घंटा इथे वाजते, आणि घंटा वाजली की मेंदूचा आठवणी साठवणारा भाग सावध होतो. किल्लारीनंतर वर्षभराने, १९९४ साली, कॅलिफोर्नियात लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चित्रांसह एक गोष्ट दाखवली. एका गटाची गोष्ट साधी, दुसऱ्याच्या गोष्टीत एका मुलाला भीषण अपघात होतो. काही दिवसांनी विचारलं तर अपघाताची गोष्ट लोकांना अधिक आठवत होती. पण ज्यांना आधी हृदयाचे ठोके संथ करणारी, अॅड्रेनलिनच्या कुळातल्या रसायनांना अडवणारी गोळी दिली होती, त्यांना अपघातही साध्या गोष्टीइतकाच आठवला. म्हणजे आठवण पक्की होते ती नुसत्या डोळ्यांनी नव्हे. अंगातून त्या वेळी जी रसायनं धावतात, ती आठवणीवर शिक्का मारतात.

या रसायनांत काही पेप्टाइडं आहेत. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचं धाकटं भावंड. अमिनो आम्लांचे मणी ओवलेली छोटी माळ. त्यातल्या तीन माळा आपल्या विषयाच्या आहेत.

पहिलीचं लांबलचक नाव थोडक्यात सीआरएफ. ४१ मण्यांची ही माळ १९८१ साली अमेरिकेतल्या साल्क संस्थेत वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून शोधली. संकट आलं की मेंदू आधी हिला धाडतो. ही दवंडी पिटते. मग पुढच्या ग्रंथी जाग्या होतात, रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, छाती धडधडते. हीच माळ अमिग्डालातही काम करते आणि तिथे भीती वाढवते, झोप उडवते.

दुसरी ओरेक्सिन. १९९८ साली दोन वेगळ्या पथकांना ती जवळजवळ एकाच वेळी सापडली. आधी वाटलं ही भुकेची आहे, म्हणून ग्रीक भाषेतल्या भुकेच्या शब्दावरून हे नाव पडलं. नंतर कळलं, तिचं खरं काम जागं ठेवण्याचं आहे. २००० साली असं दिसून आलं, की ज्या रुग्णांना भर दिवसा बोलता बोलता झोप कोसळते, त्यांच्या मेंदूत ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी जवळपास संपलेल्या असतात. ही आपल्या आतली रखवालदार. 'जागते रहो' असं ओरडत रात्रभर फिरणारी. न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की ही रखवालदार मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका छोट्या केंद्राला हलवते, ते केंद्र अमिग्डालाला हलवतं, आणि त्यामुळे धोक्याची आठवण पक्की होते. जी माळ झोप उडवते तीच भीतीची आठवण घट्ट करायला हात लावते. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. जागरण आणि भीती ही दोन वेगळी दुखणी नाहीत, त्यांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

तिसरी माळ मात्र शांत करणारी. न्यूरोपेप्टाइड वाय, ३६ मण्यांची. १९८२ साली स्वीडनमध्ये काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मुट यांनी ती वेगळी केली. सीआरएफ जिथे आग लावते तिथे ही पाणी टाकते. अमेरिकन सैन्यात कैदेत पडल्यावर कसं टिकावं याचं अत्यंत खडतर प्रशिक्षण असतं, त्यात उपासमार आणि जागरणही असतं. त्या सैनिकांचं रक्त तपासलं तेव्हा विशेष दलातल्या जवानांत ही माळ इतरांपेक्षा अधिक सापडली, आणि जिच्यात ती अधिक ती व्यक्ती कमी गोंधळली. एकाच ढिगाऱ्यातून निघालेले दोन भाऊ. एक पुढच्या हंगामाला शेतात उभा राहतो, दुसरा दहा वर्षं दारात बसून राहतो. गाव दुसऱ्याला भित्रा म्हणतं. माणसामाणसांत हा फरक का पडतो याची अनेक कारणं आहेत, पण त्यातलं एक रक्तात आणि मेंदूत आहे, हे कळलं तर आपली जीभ थोडी आवरेल.

आता झोपेचं काम. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत ठरावीक वेळाने बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. ही स्वप्नांची झोप. रात्र सरत जाते तशी ती वाढते, म्हणून पहाटे सर्वांत जास्त. आपली साखरझोप ती हीच. तोवर झोप म्हणजे मेंदूची विश्रांती असं मानत. आता कळलं, की झोपेत मेंदू दिवसभराचा माल उघडतो, निवडतो, रचतो. काही आठवणी ठेवतो, काही टाकतो. काही शास्त्रज्ञांचं मत असं, की स्वप्नांच्या झोपेत आठवणीवरची भावनेची धार बोथट होते. घटना राहते, तिचा डंख कमी होतो. हे मत सर्वांना मान्य नाही, पण आपल्या अनुभवाला ते पटतं. 'झोप काढ, सकाळी बघू' असं घरातली मोठी माणसं म्हणतात ते काही उगाच नाही.

झोप नसली तर काय होतं? २००७ साली अमेरिकेत निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवलं आणि मग त्रासदायक चित्रं दाखवत मेंदूचं चित्रण केलं. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद ६० टक्क्यांनी जास्त आढळला. कपाळामागचा जो भाग अमिग्डालाला आवर घालतो, त्याच्याशी असलेला दुवा सैल झाला होता. एका जागरणाने एवढं. मग पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने जागलेल्या माणसाचं काय झालं असेल, याची कल्पना आपणच करावी. बारीकसा आवाज झाला की उठून धावणं, मुलांवर हात उगारणं, भांडणं, दारू. गावाने याला स्वभाव बिघडला म्हटलं. कित्येकांची खरं तर झोप बिघडली होती.

इथे एक अवघड प्रश्न येतो. आघात झाला त्याच रात्री माणसाने झोपावं की जागावं? कारण झोप आठवण पक्की करते. जर्मनीतल्या एका प्रयोगात भावनेने भरलेला मजकूर वाचल्यावर जे थोडे तास झोपले, त्यांना तो चार वर्षांनीही इतरांपेक्षा चांगला आठवत होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली उंदरांवर दाखवलं, की भीतीचा धडा मिळाल्यानंतर लगेच झोपू दिलं नाही तर आवाजाशी जोडलेली ती भीती कच्ची राहते. ऑक्सफर्डमध्ये २०१५ साली लोकांना भीषण प्रसंगांची फीत दाखवली. जे त्या रात्री जागले त्यांना पुढच्या दिवसांत ती दृश्यं कमी वेळा आठवली. म्हणजे जागणं बरं? पण पुढच्याच वर्षी झुरिचमध्ये जवळपास तसाच प्रयोग झाला आणि निष्कर्ष उलटा आला : जे झोपले त्यांना दृश्यांनी कमी छळलं. पहिल्या रात्रीचा निकाल असा दोन्हीकडे झुकतो.

नंतरच्या रात्रींचा निकाल मात्र बराच स्पष्ट आहे. इस्रायलमध्ये रस्ते अपघातातून वाचलेल्या माणसांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की अपघातानंतर महिनाभराने ज्यांची झोपेची तक्रार होती, त्यांच्यातच वर्षअखेर आघाताचा आजार अधिक आढळला. पहिली रात्र जागून काढणं स्वाभाविक आहे. तिसावी रात्रही जागूनच जात असेल, तर ती धोक्याची खूण आहे.

हे वाचताना मला आपल्या जुन्या रीती आठवतात. घरात मृत्यू झाला की पहिली रात्र कुणी झोपत नाही. शेजारीपाजारी बसून राहतात. मयताच्या जागी दिवा तेवत असतो. आमच्या घरांत कुराणपठण चालतं, तिसऱ्या दिवशी जियारत होते, पुढे चाळिसावा. हिंदू घरांत दहावा, तेरावा. आणि त्यानंतर एखादी मावशी, आत्या, खाला त्या घरी 'सोबतीला झोपायला' म्हणून जाते. पंधरा दिवस, महिना. हा शब्द पाहा : सोबतीला झोपायला. ती काही समुपदेशन करत नाही. तिचं अंथरूण शेजारी असतं, एवढंच. रात्री दचकून उठलेल्या बाईला अंधारात दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. पहिली रात्र जागवायची आणि पुढच्या रात्री झोपवायच्या, अशी ही व्यवस्था आहे. ती शास्त्र वाचून केलेली नव्हती आणि शास्त्राने ती सिद्धही केलेली नाही, पण शास्त्राच्या विरोधातही ती जात नाही.

किल्लारीत नेमकी हीच व्यवस्था मोडली. सोबतीला यायची ती मावशी स्वतःच ढिगाऱ्याखाली होती. शेजार उरला नव्हता. नव्या वसाहती आल्या त्या सरळ रस्त्यांच्या, आखीव रांगांच्या, ऐसपैस अंतराच्या. भूकंपाच्या दृष्टीने ते योग्यच. पण जुन्या गावात एका घरात खोकलं तर दुसऱ्या घरात ऐकू जायचं, ते गेलं. एका पुनर्वसित गावातल्या ओळखीच्या म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या होत्या, "बाबा, घर चांगलं हाय, पर रातीला लई मोठं होतं." यापेक्षा नेमकं वाक्य मला कवितेत लिहिता आलेलं नाही.

मग करायचं काय? झोपेच्या गोळ्या वाटायच्या? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपाइन जातीच्या गोळ्या, म्हणजे आपण ज्यांना सरसकट झोपेच्या गोळ्या म्हणतो त्या, देऊ नयेत असं सांगितलं आहे. सगळ्यांना एकदा बसवून घटना सविस्तर बोलायला लावणं, ही नव्वदच्या दशकात जगभर चाललेली पद्धतही आता मागे पडली. तिने फायदा होत नाही असं दिसलं. त्याऐवजी आधी सुरक्षित जागा, माहिती, आपली माणसं, आणि रात्रीची स्वस्थता. ओरेक्सिनला अडवणारं पहिलं औषध २०१४ साली अमेरिकेत मंजूर झालं. रखवालदाराला थोडा वेळ खाली बसवणारं औषध. ते निद्रानाशावर आहे, आघातावरचा उतारा म्हणून नाही, आणि तेही डॉक्टरांनीच द्यायचं.

एक उपाय मात्र असा आहे की तो वाचून माझ्यातला कवी खूश झाला. भयंकर स्वप्नं पुन्हा पुन्हा पडणाऱ्या माणसाला दिवसा, जागेपणी, ते स्वप्न आठवायला सांगतात आणि त्याचा शेवट त्याला हवा तसा बदलायला लावतात. मग तो बदललेला शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायचा. बॅरी क्रॅको यांनी अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांसोबत हे केलं आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. भिंत पडली हे बदलता येत नाही, पण स्वप्नातली भिंत कुठे पडावी हे माणूस ठरवू शकतो. आमच्या ओव्या, भारूडं, मर्सिये यांनी तरी शतकानुशतकं दुसरं काय केलं? असह्य गोष्टीला आपल्या शब्दांत बसवलं, म्हणजे ती उचलता येते.

हा सारा जुना विषय वाटत असेल, तर आपल्याच आसपास पाहा. नोव्हेंबर २००६ पासून नांदेड शहरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, जमिनीतून आवाज येऊ लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच आवाज आले. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात भूकंप झाले, ते नांदेडपर्यंत जाणवले. असं झालं की लोकांच्या तोंडी पहिला शब्द किल्लारी येतो. १९९३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती पोरंही घराबाहेर धावतात. आठवण रक्तातून आली नसेल, पण आईच्या दचकण्यातून आली आहे. आई रात्री कशी उठते हे मूल पाहतं, आणि शिकतं.

आपत्ती आली की तलाठी पंचनामा करतो. भिंती किती, पत्रे किती, जनावरं किती. त्या कागदात घरातल्या प्रत्येकासाठी एक रकाना वाढवता येईल : रात्री झोप लागते का? आशाताईंनी हाच प्रश्न महिन्याने पुन्हा विचारावा आणि ज्यांचं उत्तर 'नाही' येईल, त्यांची नावं दवाखान्यात कळवावीत. याला ना यंत्र लागतं ना निधी. घर पुन्हा बांधून झालं हे स्लॅब पडला की कळतं. माणूस त्या घरात राहायला आला की नाही, हे मात्र तो आत पाठ टेकतो का, यावरूनच कळतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)